अंगणवाडी, पाळणाघर आणि आपली तळमजल्यावरची खोली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला होता, 'सोसायटीचा पंचवीस वर्षांचा आर्थिक प्रवास'. नऊ वर्षं मी खजिनदार होतो, तेव्हा त्यांची अपेक्षा रास्तच होती. पण सिंकिंग फंड किती होता आणि किती झाला हे दरवर्षी ऑडिट रिपोर्टात छापून आपल्या प्रत्येकाच्या दारात पडतं, आणि ते कोणी वाचत नाही हेही मला नऊ वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. म्हणून मंडळाची परवानगी घेऊन मी एका वेगळ्या जमाखर्चाबद्दल लिहितो आहे. बी विंगच्या तळमजल्यावर, मीटर रूमच्या शेजारी, अठरा बाय बाराची जी खोली आहे तिच्याबद्दल.

गेल्या आठ-दहा वर्षांत जे राहायला आले त्यांना ती भंगारखोली म्हणून माहीत आहे. गणपतीचं मखर, मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जुना पंप. दारावर एक फिकट झालेला ससा आहे, तो कुणी काढला असा प्रश्न परवा सी विंगमधल्या एका नव्या सभासदाने मला विचारला. तो ससा २००२ सालचा आहे. त्या वर्षीच्या जूनपासून २०१४ पर्यंत त्या खोलीत बालवाडी आणि पाळणाघर होतं. आपल्या सोसायटीची निदान पन्नास-साठ मुलं त्या दारातून आत-बाहेर झाली. त्यातली काही आज परदेशात आहेत, दोघं आपल्या सध्याच्या कमिटीवर आहेत.

आता इतिहास म्हटला की थोडं मागे जायला हवं. मी जरा जास्तच मागे जाणार आहे, थेट रोमपर्यंत. त्याला कारण आहे. लहान मुलांच्या ज्या शाळेला आपण सरसकट 'माँटेसरी' म्हणतो, तिची सुरुवातच मुळी एका राहत्या बिल्डिंगमध्ये झाली, आणि तीसुद्धा बिल्डिंगच्या भिंती खराब होतात या तक्रारीतून.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची कामगारवस्ती होती. तिथल्या पडक्या, अर्धवट राहिलेल्या चाळवजा इमारती एका बांधकाम कंपनीने घेतल्या, दुरुस्त केल्या आणि कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आई-बाप दोघंही सकाळी कामाला जात. मोठी मुलं शाळेत. मागे राहत ती तीन ते सहा वर्षांची, दिवसभर मोकाट. ती जिन्यात धुडगूस घालत, नव्या रंगवलेल्या भिंतींवर रेघोट्या मारत. कंपनीचे प्रमुख होते एदुआर्दो तालामो. त्यांनी हिशोब केला की दरवर्षी रंगरंगोटी आणि दुरुस्तीवर जो पैसा जातो, त्यातच या मुलांना एका खोलीत गोळा करून सांभाळता येईल. त्यासाठी त्यांनी डॉ. मारिया माँटेसरी या बाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी पहिलं बालगृह उघडलं. शाळा घरातच होती, आणि सांभाळणारी बाई त्याच इमारतीत राहणारी. पालकांकडून फी नव्हती, पण अटी होत्या. मूल स्वच्छ अंघोळ घालून पाठवायचं आणि आईने आठवड्यातून एकदा तरी बाईंना येऊन भेटायचं.

बँकेत अडतीस वर्षं घालवलेल्या माणसाला या गोष्टीत काय दिसतं? तालामोंना कुणी दयाळू म्हणो न म्हणो, त्यांनी मुलांवरचा खर्च 'इमारत देखभाल' या खात्यात टाकला. हे हेड ऑफ अकाउंट मला २०१४ साली सुचलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ते नंतर.

ही कल्पना आपल्याकडे आली ती भावनगरला. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि त्याला शिकवायचं कसं या विचारातून ते बालशिक्षणाच्या पुस्तकांकडे वळले आणि वकिली मागे पडली. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. झुपकेदार मिशा असलेल्या या माणसाला गुजरातेत लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. ज्या काळात बाप मुलाला सगळ्यांच्या देखत कडेवर घ्यायलाही संकोचत, त्या काळातली ही गोष्ट आहे. माझ्या वडिलांनी मला कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. घेतलं असेल, पण चारचौघांत नाही.

१९२३ साली गिजुभाईंना एक मराठी सहकारी मिळाल्या, ताराबाई मोडक. ताराबाई १९१४ च्या पदवीधर, राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य होत्या. ती मानाची जागा सोडून त्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघू लागली, आणि १९३६ साली ताराबाई मुंबईला आल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांचं शिशुविहार सुरू झालं. मराठी मध्यमवर्गाला 'बालमंदिर' हा शब्द तिथून सवयीचा झाला.

पण तो मध्यमवर्गही फार थोडा. मी १९५१ चा, गिरगावातल्या चाळीत वाढलेला, आणि दादर काही परदेशात नव्हतं. तरी आमच्या मजल्यावरचं एकही मूल बालमंदिरात गेलं नव्हतं. आमची बालवाडी म्हणजे चाळीची सामायिक गॅलरी. सकाळी बायका निवडटिपण करत बसायच्या आणि सात-आठ पोरं त्यांच्या मध्ये. मूल कुणाचं आहे हे फक्त जेवायच्या वेळी कळायचं. मग एकदम पाटी-पेन्सिल आणि म्युनिसिपालिटीची शाळा. 'आमच्या वेळी कुठे होती नर्सरी, आम्ही काय वाढलो नाही?' असं आपण ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर म्हणतो. मीही म्हणत असे. त्यात एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. त्या गॅलरीत दिवसभर सहा बायका बिनपगारी हजर असायच्या. गॅलरी होती म्हणून आम्ही वाढलो. नुसते वाढलो नाही.

ताराबाईंचं खरं मोठं काम यानंतरचं. बालशिक्षण हे शहरातल्या पैसेवाल्यांचं लाड-खातं होऊन बसतंय हे त्यांनाच टोचत होतं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. (त्रेपन्नाव्या वर्षी आम्ही बँकवाले पेन्शनचा तक्ता काढून बसतो.) त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर जिद्दीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. पुढची सत्तेचाळीस वर्षं, १९९२ साली जाईपर्यंत, त्या बाई त्याच भागात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण वारली पाड्यांवरची मुलं येईनात. कारणं साधी होती. पाडे लांब, मुलांना आणायला कोण जाणार? जरा मोठी मुलं गुरांमागे, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी. मग ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. या शब्दाचं श्रेय ताराबाईंकडे जातं. माँटेसरीची रंगीत लाकडी साधनं परदेशी आणि महाग, त्यांची जागा शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, गारगोट्यांनी, पानांनी घेतली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे विकासवाडी झाली, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यातलं पाळणाघर महत्त्वाचं आहे. धाकट्याला ठेवायला जागा झाल्याशिवाय त्याला कडेवर घेतलेली आठ वर्षांची बहीण वर्गात बसू शकत नाही, हे दोघींनी ओळखलं होतं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळाही काढली.

कोसबाड मी पाहिलं आहे. १९८४ ते ८७ मी त्या भागातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. चिकूच्या वाड्यांना कर्ज, आणि पाड्यांवर म्हशीसाठी, बैलजोडीसाठी सरकारी योजनेतली छोटी कर्जं, असं काम. वसुलीला सकाळी लवकर जावं लागे, नाहीतर माणसं भेटत नसत. अशाच एका सकाळी एका पाड्यावर मला अंगणवाडी भरलेली दिसली. मी तोवर समजत होतो की शाळा म्हणजे अ-आ-ई. तिथे पहिला पाऊण तास बाई मुलांचे हात-पाय धुऊन देत होत्या, नखं काढत होत्या, केस विंचरत होत्या. नंतर मुलं शिंपले लहानाकडून मोठ्याकडे ओळीत लावत बसली. कुणी ओरडत नव्हतं. मोटरसायकल उभी करून मी वीस मिनिटं बघत राहिलो आणि ज्याच्याकडे वसुलीला आलो होतो तो तेवढ्यात मागच्या बाजूने निघून गेला. टेकडीवर अनुताईंना मी दोन-तीनदा लांबून पाहिलं. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शाखेत पेढे वाटले गेले. जाऊन बोलावं असं वाटायचं, पण शर्टाच्या खिशात नेहमी वसुलीची यादी असायची. राहून गेलं.

माझ्या घरी त्याच वर्षांत काय चाललं होतं तेही लिहायला हवं. सौ. दुसऱ्या एका बँकेत क्लार्क होती. मुलगी १९७९ ची, मुलगा १९८२ चा. बाळंतपणाची रजा तेव्हा तीन महिन्यांची. आम्ही डोंबिवलीत रामनगरला वन रूम किचनमध्ये राहायचो, माझी आई गावी आजारी वडिलांपाशी. मुलं शेजारच्या एका काकूंकडे. सकाळी सव्वासातला सौ. मुलांना पोचवायची, धावत व्ही.टी.ची गाडी पकडायची, आणि संध्याकाळी साडेसातला घ्यायला जायची तेव्हा मुलगा बहुधा झोपलेला असायचा. काकू प्रेमळ होत्या, पण त्यांच्या दोन खोल्यांत अकरा मुलं होती, त्यांचं स्वतःचं घरकाम होतं. मुलगा उशिरा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले काही दोष नाही, याच्याशी कुणीतरी दिवसभर बोलायला हवं. सौ.ने दोन महिने बिनपगारी रजा काढली. मी डहाणूला होतो. शनिवारी रात्री घरी यायचो आणि सोमवारी पहाटे निघायचो.

मला प्रमोशन मिळालं म्हणून मी डहाणूला होतो. तिलाही दोनदा ऑफिसर होण्याची संधी आली. प्रमोशन म्हणजे बदली, म्हणून दोन्ही वेळा तिने लिहून नाकारलं. ती २०१२ साली क्लार्क म्हणूनच निवृत्त झाली. दोनपैकी कुणी नाकारायचं यावर आमच्या घरी कधी चर्चा झाली नाही. ते ठरलेलंच होतं. कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

सरकारदरबारी या काळात बऱ्याच गोष्टी घडत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ गटांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि ताराबाईंचा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. ताराबाई दोनच वर्षं आधी, १९७३ साली गेल्या होत्या. पण अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन. ती कर्मचारी नाही, 'मानसेवी'. तिला ग्रॅच्युइटी लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. मला ती २०११ साली निवृत्त झाल्या महिन्यात मिळाली होती. कारखान्यांना पाळणाघराची सक्ती १९४८ च्या कायद्यानेच झाली, आधी पन्नास स्त्री कामगार असतील तिथे, पुढे तीस. बँका, ऑफिसं त्यात नव्हती. त्यांच्यासाठी पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर आणि सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ साली आली. शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला २००९ साली, पण सहा ते चौदा वयासाठी. मूळ राज्यघटनेत 'चौदा वर्षांपर्यंत' एवढंच होतं, खालची मर्यादा नव्हती. हक्क देताना ती आली आणि सहाच्या आतली मुलं बाहेर राहिली. २०२० च्या धोरणात तिसऱ्या वर्षापासूनचा विचार आहे. बघू.

आता आपल्या आवारात येतो. आपली इमारत उभी राहत होती तेव्हा, १९९९ मध्ये, मी दर रविवारी स्लॅब किती झाला ते बघायला यायचो. आपल्यातले बरेचजण यायचे. आज आपलं पार्किंग आहे तिथे वाळूचा ढीग होता आणि त्यावर मजुरांची मुलं. एक तान्हं मूल परांचीच्या बांबूला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपलेलं मी पाहिलं होतं. त्याची आई डोक्यावर घमेलं घेऊन येता-जाता झोळीला हात लावून जायची. अशा मुलांसाठी दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ सालीच बांधकामाच्या जागेवर पाळणाघर काढलं होतं, त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. आपल्या बांधकामावर तसं काही नव्हतं. आम्हीही बिल्डरला टाइल्सचा रंग विचारला, त्याबद्दल काही विचारलं नाही. आणि बी विंगची ती खोली? ती सिमेंटचं गोदाम होती. ताबा घेतल्यावर दोन वर्षं ती रिकामी पडून होती.

२००२ साली आपल्याच एक सभासद भगिनी कमिटीकडे आल्या. त्यांनी नाव न छापण्याची अट घातली आहे, म्हणून मुलं म्हणायची तसं 'ताई' म्हणतो. बालवाडीचं प्रशिक्षण झालेलं, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बाहेर नोकरी शक्य नाही. त्यांनी खोली मागितली. तेव्हाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी दहा मिनिटांत हो म्हटलं. महिना पाचशे रुपये, पुढे हजार झाले. सकाळी बालवाडी, दिवसभर पाळणाघर. अक्षरं चारच्या आधी नाहीत, यावर ताई ठाम होत्या. काही पालकांनी त्यावरून मुलं काढून नेली आणि इंग्रजी नर्सरीत घातली, त्यातली दोन महिन्याभरात परत आली. चिंचोके, शंख, बाटल्यांची झाकणं, जुन्या साड्यांच्या चिंध्या. कोसबाडचं नाव त्या खोलीत कधी निघालं नाही, पण तिथे मला ते ओळखीचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी ६०३ मधून बी विंगच्या पहिल्या मजल्यावर आलो ते २०१० साली, सौ.च्या गुडघ्यांमुळे. पुढच्या वर्षी निवृत्त झालो. बरोबर त्या खोलीच्या वर माझी गॅलरी. सकाळी दहा ते बारा मुलं गाणी म्हणायची, आणि दहा ते बारा ही माझी पेपर वाचायची वेळ. अडतीस वर्षं पेपर गाडीत उभ्याने वाचला होता, आता आरामखुर्चीत वाचायचा होता. एवढंच कारण होतं.

पण असं कारण इतिवृत्तात लिहिता येत नाही. २०१४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त सोसायटीच्या कपाटात आहे, ज्याला हवं त्याने बघावं. ठराव असा: सामायिक जागेचा व्यावसायिक वापर, त्यामुळे मालमत्ता कर वाढण्याची शक्यता, आगीपासून सुरक्षिततेचा प्रश्न, सबब सदर खोलीचं शुल्क बाजारभावाप्रमाणे दरमहा सहा हजार करण्यात यावं. मसुदा माझा. चांगला मसुदा आहे. एकाही वाक्यात 'बालवाडी' हा शब्द नाही. कर वाढल्याची एकही नोटीस आली नव्हती. आगीची काळजी मला खरी असती, तर मी आधी दुसरं दार पाडायचा खर्च मांडला असता.

सभेच्या आदल्या रात्री मी एका कागदावर ताईंचा हिशोब केला होता. बालवाडीची अकरा मुलं, पाचशे रुपये प्रमाणे साडेपाच हजार. पाळणाघराची सहा, दीड हजार प्रमाणे नऊ हजार. एकूण साडेचौदा हजार. मदतनीस बाईंचे साडेचार हजार, दूध-खाऊ तीन हजार, वीज आणि किरकोळ आठशे. त्यात नवे सहा हजार धरले की चौदा हजार तीनशे. उरतात दोनशे. म्हणजे मला माहीत होतं. बाई स्वतःहून सोडतील, आम्हाला 'बंद करा' म्हणावं लागणार नाही.

तसंच झालं. ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात सात हात होते, सगळे स्त्रियांचे. त्यातला एक माझ्या घरातला होता. सौ. सभेत काही बोलली नाही आणि घरी आल्यावरही नाही. ताईंनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली, ती दिली. सहा हजार भाड्याने खोली कुणीही घेतली नाही. तेव्हापासून अकरा वर्षांत त्या खोलीचं उत्पन्न शून्य आहे. हजार रुपये महिना धरले तरी एक लाख बत्तीस हजार गेले. हा आकडा ऑडिटमध्ये कुठेही दिसत नाही, कारण न मिळालेल्या पैशाची नोंद ठेवायची पद्धत नाही. पाळणाघरातल्या सहा मुलांचं काय झालं तेही मी नंतर विचारत गेलो. दोघांच्या आयांनी नोकरी सोडली, एक बदलापूरला माहेराजवळ राहायला गेली. बाकीच्यांनी काहीतरी सोय केली. 'सोय' हा शब्द आपण किती सहज वापरतो.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी नात. साडेतीन वर्षांची आहे. मुलगा-सून दोघं नोकरीला. पहिली दोन वर्षं आम्ही दोघांनी सांभाळलं. गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी एकटा उरलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की मूल दिवसातून किती वेळा खाली वाकायला लावतं. तीन आठवड्यांत मी हात टेकले. आता ती सकाळी आठला व्हॅनने लाइनीपलीकडच्या डे केअरला जाते. तिथे एसी आहे, कॅमेरे आहेत, महिन्याला आपल्या दोन फ्लॅटच्या मेंटेनन्सएवढे पैसे आहेत. वाईट नाही. पण व्हॅनमध्ये पाऊण तास जातो, आणि लिफ्टपाशी रोज ती माझा सदरा धरून ठेवते. बी विंगमध्ये लिफ्टचं दार आणि त्या खोलीचं दार समोरासमोर आहे. सदरा सोडवताना माझ्यासमोर तो ससा असतो.

मी विचारपूस केली. तीन विंगमध्ये मिळून सहाच्या आतली चौदा मुलं आहेत, त्यातली नऊ कुठे ना कुठे व्हॅनने जातात. ताई आता सत्तरीच्या घरात आहेत. मी मार्चमध्ये त्यांच्याकडे गेलो आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्यांनी चहा दिला. हिशोबाचा कागद त्यांना माहीत नव्हता. थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "दोनशे नव्हे, तीनशे उरले असते. खाऊ मी घरून करायचे, तुम्ही बाजारभाव धरलात." स्वतः आता चालवणार नाहीत, पण कुणी तरुण मुलगी पुढे आली तर शिकवायला बसेन म्हणाल्या. सामान त्यांनी टाकलेलं नाही, माळ्यावर आहे.

येत्या सप्टेंबरच्या सभेत ती खोली कुरियरच्या लॉकरसाठी भाड्याने देण्याचा विषय आहे. चार हजार मिळतील असा कमिटीचा अंदाज आहे, आणि अंदाज बरोबर असावा. मी त्याला दुरुस्ती सुचवणारा ठराव रीतसर दिला आहे: खोली बालवाडी आणि पाळणाघरासाठी राखून ठेवावी, शुल्क दरमहा एक रुपया, मागच्या बाजूला दुसरं दार काढावं, आणि खर्च 'इमारत देखभाल' खात्यातून करावा. या वेळी मसुद्यात 'बालवाडी' हा शब्द चार वेळा आहे. अनुमोदक म्हणून सौ.ने सही केली आहे.

दुसऱ्या दाराचं एस्टिमेट अडतीस हजारांचं आलं आहे, ते नोटीस बोर्डावर लावलं आहे. भंगार काढायला मदतीचे हात लागतील. पंप जड आहे, मला एकट्याला हलत नाही. सेक्रेटरींकडून खोलीची किल्ली मी घेतली आहे आणि रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे असतो.